कौल आणि कर्ज

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभा निवडणुकीचे निकाल लागले. २८८ जागांपैकी भारतीय जनता पक्षास १३२, श्री. शिंदे यांच्या शिवसेनेस ५७ व श्री. अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसला ४१ जागा मिळाल्या. विरोधकांत श्री. ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६ आणि श्री. शरद पवार यांचा पक्ष १० जागांवर थांबला. सभागृहाच्या एक-दशांश जागाही एकाही विरोधी पक्षाच्या वाट्याला आल्या नाहीत.

यवतमाळ जिल्ह्याचा कौल मात्र एवढा एकतर्फी नाही. सात जागांपैकी राळेगाव, आर्णी व उमरखेड भाजपने, दिग्रस शिंदे यांच्या शिवसेनेने आणि पुसद अजित पवार यांच्या पक्षाने जिंकले. यवतमाळ काँग्रेसकडे, तर वणी ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेले. २०१९ साली भाजपच्या येथे पाच जागा होत्या. राज्यात हा पक्ष वाढला, या जिल्ह्यात घटला. राळेगावी विजयी उमेदवाराचे मताधिक्य तीन हजारांच्याही आत राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये हा जिल्हा ज्या तीन लोकसभा मतदारसंघांत विभागला आहे, ते तिन्ही विरोधकांनी जिंकले होते. येथील मतदार कोणाचाही मिंधा नाही, हाच याचा अर्थ आम्ही घेतो.

डिसेंबर २०२४ मध्ये श्री. अशोक उईके, श्री. संजय राठोड आणि श्री. इंद्रनील नाईक या जिल्ह्यातील तिघांचा मंत्रिमंडळात समावेश झाला. परंतु वसंतराव नाईकांच्या रूपाने अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपद पाहिलेल्या जिल्ह्याला मंत्रिपदाचे अप्रूप ते काय? कापूस एकाधिकार खरेदी योजना त्यांच्याच कारकीर्दीत सुरू झाली. ती पुढे मोडली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जिल्ह्याचे नाव देशभर झाले. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आणि सोयाबीनचा ४,८९२ रुपये ठरला होता. पण निवडणुकीच्या ऐन हंगामात सोयाबीन त्याहून कमी दराने विकले जात होते. खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही, तर हमीभाव कागदावरच राहतो.

म्हणून तिन्ही मंत्र्यांची परीक्षा एकच : माल बाजारात येण्यापूर्वी केंद्रे सुरू होतात की नाही? आणि विरोधी बाकांवरील दोघांनी हा प्रश्न सभागृहात अखंड विचारला पाहिजे. मत हे दान नव्हे, कर्ज आहे. आणि कर्जाचा तगादा कसा असतो, हे येथील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको.