कडू रसाचे कौतुक

इंग्लंडातील ‘सेंद्रिय’ पेल एलच्या चवीची रसभरित वर्णने हल्ली आमच्या वाचनात येतात. जव व हॉप्स कोणत्या पद्धतीने पिकवले, हे मुख्यतः ते विशेषण सांगते; मद्याचा गुण त्याने पालटत नाही. कडवटपणा हॉप्सच्या फुलांचा. कारल्यामेथीवर वाढलेल्या जिभेस त्याचे अप्रूप ते काय? १९२० नंतरच्या दशकात उठलेल्या वरळीच्या बीडीडी चाळींत, १६० चौरस फुटांच्या खोलीत, पगाराच्या रात्री मद्य शिरले की त्याची चव प्रथम बायकामुलांस कळे. ताडीच्या गुत्त्यास व्यसन म्हणावयाचे आणि काचेच्या पेल्यास अभिरुची, हा न्याय आम्हांस मान्य नाही. रसिकांनी चवीची चिकित्सा खुशाल करावी. परंतु तीत घराने मोजलेली किंमतही मांडावी!