जे जागचे हलत नाही, त्याला वायरच द्या

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी पुष्कळांची घरे अशी आहेत की, खाली दुकान किंवा कारखाना, मागे गोदाम आणि वर बिऱ्हाड. पूर्वी खालच्याचा आणि वरच्याचा संबंध जिन्यापुरताच होता. आता खालचे बिल, गोदामातले कॅमेरे, वरचा टीव्ही, मुलांचा अभ्यास आणि दलालांचे फोन हे सर्व एकाच राउटरवर चालते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागू झाले. तेव्हापासून घरातले नेट ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ते अडले की गाडी अडते. परंतु या नेटची मांडणी मात्र आपण अजून पंखा किंवा ट्यूबलाइट लावावी तितक्याच विचाराने करतो. दुकानदार देईल ते आणावे आणि खिळ्याला टांगावे! आम्हीही तेच केले होते. त्याचे काय झाले ते सांगणे आवश्यक वाटते.

आमचा राउटर दुकानाच्या दर्शनी भागात होता. बिलाचा संगणक पोटमाळ्यावर, आणि हिशोबाची मूळ फाइल खाली गल्ल्याजवळच्या संगणकात. पोटमाळ्यावरचा संगणक वायफायने त्या फाइलवर काम करीत असे. गोदामात चार कॅमेरे, तेही बिनतारी. त्यांचा रेकॉर्डर चोराच्या हाती लागू नये म्हणून वरच्या मजल्यावर कपाटात ठेवलेला, तोही बिनतारीच. वायर ओढायला नको, भिंत फोडायला नको, म्हणून आम्ही खूश होतो.

लग्नसराईच्या दिवसांत एका संध्याकाळी गाडी भरून उभी होती. बिल सेव्ह होत असतानाच वायफाय तुटले आणि हिशोबाची फाइल बिघडली. आमच्या मुनीमजींनी आदल्या रात्रीची नक्कल काढून बसवली, पण त्या दिवसभराची सर्व बिले कागदावरून पाहून पुन्हा भरावी लागली. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघाली. गिऱ्हाईक जुने होते म्हणून त्याने ऐकून घेतले.

आता आमची चूक सांगतो. आम्ही दोष दिला आमच्या धाकट्या मुलीला. ती संध्याकाळी ऑनलाइन वर्गाला बसते, म्हणजे तीच नेट खाते, असा आमचा पक्का समज झाला. आम्ही पासवर्ड बदलला आणि संध्याकाळी सहा ते नऊ तिचे नेट बंद केले. तीन आठवडे तिचे वर्ग बुडाले. तरीही बिल अडकायचे ते अडकतच होते. मध्यंतरी एका विक्रेत्याने आम्हांस दोन बूस्टर दिले. त्यांनी मोबाईलवर रेघा पूर्ण दिसू लागल्या, पण काम अधिकच मंद झाले. शेवटी मुलगीच म्हणाली, "अब्बा, माझं नेट बंद असतानाही बिल अडकतंय. मग दोष माझा कसा?" तिने एका संध्याकाळी चारही कॅमेऱ्यांचे प्लग काढून ठेवले. बिल सुरळीत निघाले. प्लग लावले, पुन्हा अडकले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, बाकीच्यांनी थांबायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते आणि पुन्हा बोलावे लागते. शिवाय जो लांब आहे, भिंतीआड किंवा गाठींच्या थप्पीमागे आहे, तो सावकाश बोलतो, म्हणजे तेवढीच गोष्ट सांगायला जास्त वेळ हवा अडवून ठेवतो. आमचे कॅमेरे सर्वांत लांब आणि चोवीस तास बोलणारे. त्यांचे चित्र आधी हवेतून राउटरकडे यायचे आणि तेथून पुन्हा हवेतूनच वर रेकॉर्डरकडे जायचे. एकाच मालाची दोनदा वाहतूक! त्या गर्दीत मुलीच्या वर्गाला आणि आमच्या बिलाला जागा कोठून मिळणार? बूस्टरनेही हेच केले. साधा बूस्टर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. मोबाईलवरच्या रेघा बूस्टर जवळ असल्याच्या असतात, काम चांगले चालल्याच्या नसतात.

वायरची गोष्ट वेगळी. स्विच नावाची जी लहानशी पेटी मिळते, तिच्यात प्रत्येक यंत्राला स्वतःची स्वतंत्र वाट मिळते, आणि त्या वाटेवरून एकाच वेळी येणे व जाणे दोन्ही चालते. कोणी कोणासाठी थांबत नाही.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही वायफायच्या विरोधात आहोत. वास्तविक वायर आणि बिनतारी ही एकाच घरातली भावंडे आहेत. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारे अलोहानेट सुरू केले. त्यातली बोलण्याची रीत पाहून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात तारेवरचे इथरनेट मांडले. म्हणजे वायरीनेच बिनतारीकडून धडा घेतला. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर वायर हा ताणा आणि वायफाय हा बाणा. ताणा बीमवर ताणलेला, जागचा न हलणारा. बाणा धोट्यातून इकडून तिकडे धावणारा. नुसत्या बाण्याचे कापड कोणी विणलेले आम्ही तरी पाहिलेले नाही.

तेव्हा आमचे मत असे की, बिलाचा संगणक, हिशोबाची फाइल असलेला संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, शक्य तर कॅमेरेही, आणि भिंतीवरचा टीव्ही, म्हणजे जे जागचे हलत नाही त्या सर्वांना वायर द्यावी. मोबाईल आणि हातातून फिरणारे लॅपटॉप वायफायवर राहू द्यावेत. याचा फायदा केवळ वायरीवरच्यांना होत नाही. जितकी यंत्रे हवेतून उतरतील, तितकी हवा उरलेल्यांना मोकळी मिळते. मुलांच्या अभ्यासाला चांगले वायफाय हवे असेल, तर आधी टीव्हीला आणि कॅमेऱ्यांना वायर ओढा.

वायर घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते. टोकाची तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर परत करावी. शुद्ध तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ घरासाठी पुरेशी आहे आणि तिची एक लांबी १०० मीटरपर्यंत चालते. आतल्या आठ तारा दोन-दोनच्या जोड्यांनी पिळलेल्या असतात. सुताला पीळ दिला नाही तर ते टिकत नाही हे आपणास सांगायला नको. इथे पीळ दिल्यामुळे बाहेरचा विजेचा उपद्रव कमी होतो. आमच्याकडे आलेल्या वायरमनने काम सोपे व्हावे म्हणून टोकाकडचा चांगला वीतभर पीळ उलगडला होता, आणि आठऐवजी चारच तारा जोडल्या होत्या. चार तारांवर १०० मेगाबिटच्या पुढे वेग जात नाही, गिगाबिटला आठही लागतात. ते काम आम्ही पुन्हा करून घेतले. आणखी एक, ही वायर मोटरच्या किंवा घराच्या विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये.

वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नसेल तर बूस्टर नको. वायर वर न्यावी आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर लावावा. जुना पडून असलेला चालतो. पण इथेच बहुतेकांची गफलत होते. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देत असतो. दोन राउटर आपापले क्रमांक वाटू लागले की एका घरात दोन मुनीम दोन वह्या लिहू लागतात. मग वरच्या मोबाईलला खालचा प्रिंटर सापडत नाही, किंवा दोन यंत्रांना एकच क्रमांक मिळून दोन्ही बंद पडतात. म्हणून दुसऱ्या राउटरमधले क्रमांक वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते बंद करावे. त्या राउटरला स्वतःला पहिल्यापेक्षा वेगळा क्रमांक द्यावा. आणि खालून आलेली वायर त्याच्या इंटरनेट लिहिलेल्या भोकात न घालता बाजूच्या लॅनच्या भोकात घालावी. दोन्हींचे वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवले तर जिना चढताना मोबाईल बहुधा आपोआप जवळचा राउटर धरतो. चॅनल मात्र वेगवेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. हा पट्टा आपल्या देशात २००५ साली परवानामुक्त झाला, त्यामुळे शेजाऱ्याचा राउटर आपल्या चॅनलवर आला तर तक्रार करायला जागा नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये वेग जास्त, गर्दी कमी, परंतु जाड भिंत त्याला सहन होत नाही.

दुकानात येणारे दलाल, गाडीवाले, गिऱ्हाईक पासवर्ड मागतात आणि नाही म्हणणे आपल्या स्वभावात नाही. त्यांच्यासाठी बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांचे वेगळे वायफाय चालू करता येते. ते द्यावे. ज्या जाळ्यावर आपला हिशोब आहे, त्याचा पासवर्ड घराबाहेर जाऊ नये. आमच्याकडे तो आता मुलीकडे असतो.

वीज जाण्याचा विचारही आधीच करावा. आम्ही दोन्ही राउटर इन्व्हर्टरवर घेतले आणि मधला स्विच विसरलो. वीज गेली, राउटरचे दिवे चालू, मोबाईलवर रेघा पूर्ण, आणि पोटमाळ्यावर सर्व ठप्प. अर्धा तास आम्ही नेटवाल्याला फोन करीत होतो.

आमच्या दोन बूस्टरांना जितके पैसे पडले, त्यापेक्षा वायर, स्विच आणि मजुरी मिळून कमी खर्च आला. दोन दिवस धूळ मात्र झाली, आणि घरच्यांचे बोलणे ऐकावे लागले.

ज्यांचा कारखाना गल्लीच्या पलीकडे आहे त्यांनी एक खबरदारी घ्यावी. दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर उघड्यावरून ओढू नये. दोन्हीकडचे अर्थिंग वेगळे असते, आणि पावसाळ्यात जवळपास वीज कोसळली तर दोन्ही बाजूंची यंत्रे जळू शकतात. तेथे फायबर घालावी, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही; दोन टोकांना दोन लहान पेट्या लागतात. गल्ली ओलांडायला परवानगीची अडचण असेल आणि मध्ये अडथळा नसेल, तर दोन गच्च्यांवर समोरासमोर तोंड करून लावायची बिनतारी जोडी मिळते. ती दोन्ही टोकांना उतरली की पुढे पुन्हा वायरच घ्यावी. आमच्या ओळखीच्या एका साचेवाल्याने मागच्या पावसाळ्यापूर्वी अशी जोडी बसवली आणि कारखान्यातले वायफाय बंद करून तिथले दोन्ही संगणक स्विचवर घेतले.