खापराचा पोशिंदा कोण?

सिल्लोडच्या खेड्यापाड्यांत आजाची पाभर चुलींत जाते, आजीचा तांब्याचा हंडा मोडींत जातो, आणि नांगराला लागलेलें जुनें खापर बांधावर भिरकावलें जातें. मग आम्हीच विचारतों कीं, इतिहासांत आमचें नांव कां नाहीं? ज्यांनीं पुरावा जपला त्यांचा इतिहास झाला. आम्हीं आमचा पुरावा जाळला. सारा दोष दुसऱ्यावर लोटून कसें भागेल?

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गोरोबाकाका कुंभारांचें गांव. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं मातींत सांपडणारे मणी, शंखाच्या बांगड्या, भाजल्या मातीच्या मूर्ति गोळा केल्या. तो संग्रह पुढें सरकारकडे गेला, व आज त्यांच्याच नांवाचें संग्रहालय तेथें उभें आहे. त्यांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति आहे. तिच्याशीं मिळतीजुळती मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें निघाली. तें शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें होतें. आमच्या शेजारच्या भोकरदनलाहि १९७३ च्या उत्खननांत तशाच मूर्तीचा अवशेष मिळाला. ही कारागिरी ज्या हातांची, त्यांचें नांव मात्र कोणास ठाऊक नाहीं.

वस्तु कपाटांत ठेवली म्हणजे काम संपलें असें नव्हे. हस्तिदंत हवेच्या फेरानें तडकतो, मातीच्या मूर्तींवर क्षार फुलतात, लाकडाला वाळवी लागते. निगेला माणूस व पैसा लागतो. सरकारचें तें कर्तव्यच आहे, व तें आम्ही मागत राहूं. पण आम्हीं हात बांधून कां बसावें? आमची सूचना अशी कीं, एकेका गांवानें किंवा एकेका धंद्याच्या मंडळीनें एकेका वस्तूचा सांभाळ पत्करावा. पैठणच्या अगर तेरच्या संग्रहालयास पत्र लिहून विचारावें, कोणती वस्तु खराब होत आहे व तिला खर्च किती. लग्नाच्या दारूकामांत आम्ही जें जाळतों, त्याचा दहावा हिस्सा काढावा.

ही रीत नवी नाहीं. आमच्या उशाशीं असलेल्या अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचें दर्शनी तोंड वासिष्ठीपुत्र कटहादि याचें दान, असें तेथेंच कोरलें आहे. कार्ल्याच्या लेण्याचें दार सामी नांवाच्या सुतारानें केलें, तेंहि नांवानिशीं. सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या, म्हणजे भोकरदनच्या, दात्यांचीं नांवें आहेत. एकट्यानें सारें उभारलें नाहीं; कोणी खांब दिला, कोणी शिळा.

मात्र दोन अटी असाव्या. पैसा पावती घेऊन थेट संग्रहालयाच्या खात्यांत भरावा, मध्यस्थाच्या हातीं देऊं नये. आणि पाटीवर दात्याच्या आधीं वस्तूचें गांव व कारागीर लिहावा. नांव ठाऊक नसेल तर ‘कुंभाराची घडण’ एवढें तरी लिहावें.

जगाचे पोशिंदे म्हणून आम्ही मिरवितों. मग आमच्या पूर्वजांच्या खापराला पोसणारा परका कां असावा?