पाटी मराठी झाली, कर्जाचे कागद राहिले

दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, हा नियम महाराष्ट्रात २०२२ मध्ये दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाला. व्यापाऱ्यांची हरकत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. हे योग्यच झाले. पण पाटी वाचता आली नाही म्हणून कुणाच्या घरावर जप्ती येत नाही, न वाचता सही केलेल्या करारामुळे येऊ शकते. गृहकर्जाचा करार आणि आरोग्यविम्याची पॉलिसी बहुतेकदा इंग्रजीतच पुढ्यात येतात आणि पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी माणूस सह्या करत जातो. भाषेचा आग्रह खरा हवा तो इथे.

कायद्याचा नेमकेपणा मराठीला पेलणार नाही, असे यावर सांगितले जाते. ते मला मुळीच पटत नाही. सातबारा मराठीत आहे आणि लाखो-कोटींच्या जमिनींची मराठी खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे रोज नोंदली जातात. तिथे नेमकेपणा कमी पडत नाही, तर हप्त्यांच्या अटींतच का पडावा? सरकारी मराठी इंग्रजीहून अवघड असते, ही तक्रार मात्र खरी आहे. ‘तारण’ हाताशी असताना ‘प्रतिभूती’ लिहिले की वाचणारा पुन्हा परकाच राहतो. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी जामीन, वसूल, बाकी हे शब्द बाजारात टिकले, कारण देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही ते कळत होते. मुद्दल, हप्ता, थकबाकी, जामीनदार एवढ्या शब्दांत कर्जाचा बहुतेक व्यवहार सांगून होतो.

दोन भाषांतल्या मजकुरात फरक निघाला तर कुठला ग्राह्य धरायचा, ही शंका रास्त आहे. पण त्यासाठी सगळा करार भाषांतरित होईपर्यंत थांबायला नको. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने किरकोळ कर्जांसाठी मुख्य माहितीपत्रक सक्तीचे केले आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्याला समजावून सांगावे, असे स्पष्ट म्हटले. वार्षिक खर्चाचा एकूण दर त्यात असतो. त्यात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या उघड संमतीशिवाय लावता येत नाही. सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जासाठी विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. हा हक्क मागावा लागतो, कारण न मागता कागद इंग्रजीतच पुढे येण्याची शक्यता जास्त. तेव्हा कर्ज घेताना मराठी माहितीपत्रक मागा, ते घरी न्या, वाचा आणि मगच सही करा.