ग्रामसभेत चांगलं बोलणाऱ्याचंच का चालतं? ग्रीकांनाही पडलेला प्रश्न

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची तामलवाडी घ्या किंवा राज्यातलं दुसरं कुठलंही गाव. ग्रामसभेत बोलणारे बहुतेकदा ठरलेले चार-पाच जण असतात, बाकीचे ऐकतात.

कायद्याने वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यातली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे आलेल्या मोजक्या लोकांना जो पटवेल, त्याचा ठराव.

प्राचीन अथेन्समध्ये असंच होतं, फक्त आकडे मोठे. तिथल्या नागरिक सभेत काही निर्णयांना 6000 जण लागायचे. (बायका आणि गुलाम त्यात नव्हतेच. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. ती कागदावरच होते का, हा वेगळा विषय.) अशा सभेत बोलता येणं म्हणजे सत्ता. म्हणून फी घेऊन वक्तृत्व शिकवणारे आले, त्यांना सोफिस्ट म्हणत. इ.स.पूर्व 427 मध्ये गॉर्जियस दूत म्हणून अथेन्सला आला आणि त्याच्या भाषणाने लोक भारावून गेले.

प्लेटोला हे पटत नव्हतं. गॉर्जियसच्याच नावाच्या संवादात तो विचारतो: लहान मुलांसमोर डॉक्टर आणि खाऊ बनवणारा असे दोघं उभे केले, तर मुलं कुणाचं ऐकतील? डॉक्टर उपाशी मरेल! निवडणुकीच्या काळातल्या रील्स आठवा.

प्लेटोचाच शिष्य अ‍ॅरिस्टॉटल मात्र इथे वेगळा गेला. त्याचं म्हणणं, नीट मांडता आलं नाही तर खरी बाजूही हरते, त्यामुळे ही कला शिकलीच पाहिजे. लोकांना पटतं ते तीन गोष्टींमुळे: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क.

आपल्या शाळांतली वक्तृत्व स्पर्धा यातलं काय शिकवते? बऱ्याचदा भाषण शिक्षक किंवा पालक लिहून देतात, मूल पाठ करतं, हातवारे बसवले जातात. भाषण संपल्यावर उलट प्रश्न क्वचितच येतो. सॉक्रेटिसची शिकवण्याची पद्धत नेमकी तीच होती, प्रश्न विचारत राहायचं. इ.स.पूर्व 399 मध्ये त्याला विष प्यायला लावलं, हेही खरं.

ग्रामसभेत पाण्याच्या योजनेवर कुणी तावातावाने बोलत असेल, तेव्हा निधी किती आला आणि खर्च कुठे झाला, हे उठून विचारण्याचा सराव मुलांना दहावीपर्यंत एकदाही मिळालेला नसतो.