उशीर चालेल, पण सांगा तरी!

साकोलीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आपण सौंदडला जातो, नाहीतर थेट गोंदियाला. २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, तरी माहेर, बाळंतपण, दवाखाना, कॉलेज यासाठी वडसा-ब्रह्मपुरीकडे जायचं म्हटलं की पॅसेंजरच आठवते.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका लहानशा स्टेशनवर मी संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत बसले होते. कुठलं स्टेशन, ते मुद्दाम सांगत नाही. असा अनुभव कुठल्याही लहान स्टेशनवर येऊ शकतो. बाकावर कॉलेजच्या चार मुली, भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या दोघी आणि दिवस भरत आलेल्या सुनेला घेऊन एक म्हातारी सासू. गाडीची वेळ टळली. अर्धा तास झाला, तास झाला. ना घोषणा, ना फळ्यावर काही. म्हातारी खिडकीपाशी गेली. "कवा येते जी गाडी?" आतून उत्तर आलं, "येईल तेव्हा येईल."

गाडी दोन तासांनी आली. आम्ही उतरलो तेव्हा शेवटची काळीपिवळी निघून गेली होती. गर्भारशी सून थंडीत ओट्यावर बसून राहिली. त्या चौघींपैकी एकीच्या वडिलांनी पुढच्याच आठवड्यात तिचं कॉलेज बंद केलं. "पोरगी रात्री कुठं होती, कुणाला सांगू?" हा त्यांचा प्रश्न. गाडी लेट झाली त्याची शिक्षा पोरीला!

मैत्रिणींनो, गाडीला उशीर का होतो, हे आपण समजून घेऊ. गोंदिया-बल्लारशा मार्ग एकेरी आहे. समोरून मालगाडी आली की एका गाडीला स्टेशनात थांबावंच लागतं. या २४० किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली, ही आनंदाची बाब आहे. पण रूळ टाकायला वर्षं लागतील. तोवर उशीर होणारच.

मात्र उशीर झाला हे सांगायला दुसरा रूळ लागत नाही. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनची परवानगी घेतल्याशिवाय गाडी सोडताच येत नाही. म्हणजे गाडी मागच्या स्टेशनवरून कधी निघाली, हे आपल्या स्टेशन मास्तरला ठाऊक असतं. माहिती त्याच्या टेबलापर्यंत येते आणि आपल्या बाकापर्यंतचं दहा पावलांचं अंतर तेवढं राहतं. लहान स्टेशनवर मोजकीच माणसं सगळं काम सांभाळतात, हे मान्य. पण फळ्यावर खडूने "गाडी दीड तास उशिरा" लिहायला एक मिनिट पुरे. तेवढ्यावर म्हातारी सुनेला चहा पाजून आणेल, पोरगी घरी फोन करेल, बाप स्टेशनवर घ्यायला येईल.

"मोबाइलवर बघा ना," असं कुणी म्हणेल. पण कितीतरी घरांत स्मार्टफोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. साधा फोन असेल तर १३९ नंबर लक्षात ठेवा. गाडी कुठे आहे हे तिथे विचारता येतं, तक्रारही करता येते आणि प्रवासात अडचण आली तर मदतही मागता येते.

आपलंही थोडं चुकतं. आपण आपसात कुरकुरतो, पण लिहून देत नाही. करोनानंतर पॅसेंजरचं दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आलं. मधल्या काळात आपल्यापैकी कितीजणींनी एक ओळ तरी लिहिली? १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. पोटात कळ आली म्हणून तो खाली उतरला आणि गाडी निघून गेली, ही त्याची तक्रार. साध्या डब्यांत संडास आले ते त्या पत्रामुळे, असं सांगतात. भाषा कच्ची होती, पण गाऱ्हाणं खरं होतं.

तेव्हा एवढं करू या. स्टेशन मास्तरकडे तक्रार वही असते. ती मागायला लाजायचं नाही. तारीख, गाडीचा नंबर आणि काय घडलं ते मराठीत लिहा. बचत गटाच्या बैठकीत ठराव करून नागपूरच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना पाठवा. मागण्या साध्याच ठेवा: उशिराची वेळ फळ्यावर, घोषणा मराठीतही, फलाटावर दिवा आणि बायकांच्या संडासाला कुलूप नको. रेल्वे कायद्याच्या कलम ५८ नुसार प्रत्येक प्रवासी गाडीत बायकांसाठी डबा किंवा काही जागा राखीव ठेवायच्या असतात, तेही विचारा.

त्या पोरीच्या वडिलांना मी दोनदा जाऊन भेटले. "गाडीचा नेम नाही, बाई," एवढंच ते म्हणतात. उद्या त्यांच्यासमोर ठेवायला माझ्याकडे काहीतरी हवं. निदान खडूने लिहिलेली एक ओळ.