हिवताप आणि मताधिकार

देशाने आधी श्रीमंत व्हावे आणि मग जनतेच्या आरोग्याकडे पाहावे, हा उपदेश आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. श्रीलंकेच्या इतिहासाने त्याला उत्तर दिलेले आहे. त्यातील यश आणि उणीव, दोन्ही कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजेत.

१९३४ साली त्या बेटावर पावसाने दगा दिला. नैऋत्येकडील नद्या आटून त्यांची डबकी झाली, त्यांत डास माजले, आणि १९३४-३५ च्या हिवतापाच्या साथीत सुमारे ८० हजार माणसे दगावली. साथ निसर्गाने आणली खरी. पण अर्धपोटी माणूस तिला आधी बळी पडला. ‘सूरिया मल’ चळवळीतील तरुण औषधे आणि अन्न घेऊन खेडोपाडी गेले. त्याच तरुणांच्या पुढाकाराने डिसेंबर १९३५ मध्ये लंका समसमाज पक्षाची स्थापना झाली.

यापूर्वीच, १९३१ साली, तेथे प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळाला होता. त्यामुळे मते मागणाऱ्याला खेड्यात जावे लागे, आणि खेडे त्याच्याकडे शाळा व दवाखाना मागे. या दडपणातून सरकारी रुग्णालये वाढली, घरोघर जाणाऱ्या प्रशिक्षित सुइणी नेमल्या गेल्या, उपचार विनामूल्य झाले. १९४० च्या दशकात दर लाख जन्मांमागे दीड हजारांहून अधिक माता मरत. २०२० च्या सुमारास ते प्रमाण तीसच्या आसपास आले होते. हे घडले तेव्हा देश श्रीमंत नव्हता.

परंतु मिळवलेले आरोग्य आपोआप टिकत नाही. फवारणीमुळे १९६३ मध्ये हिवतापाचे अवघे १७ रुग्ण उरले. विजय मिळाला असे मानून फवारणी थांबली, देखरेख सैल झाली, आणि १९६८-६९ मध्ये लाखो लोक पुन्हा तापाने फणफणले. पुढली चार दशके चिकाटीने झुंजावे लागले. स्थानिक लागणीचा अखेरचा रुग्ण ऑक्टोबर २०१२ मध्ये आढळला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

आता नाण्याची दुसरी बाजू. चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांचे नागरिकत्व १९४८ च्या कायद्याने हिरावले गेले, पाठोपाठ मतही गेले. ज्याला मत नाही त्याच्या दारी सरकारी दवाखाना कशाला येईल? त्यांचे आरोग्य मळेवाल्यांच्या मर्जीवर राहिले. नागरिकत्वाचा प्रश्न पुढे सुटला. पण २०१६ च्या पाहणीतही मळ्यांतील खुरट्या वाढीच्या मुलांचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट होते. मताधिकार आणि आरोग्य यांचे नाते याहून उघड कोठे दिसेल?

औषधांचीही हीच कथा. डॉ. सेनक बिबिले यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये सरकारी औषध महामंडळ स्थापन झाले. कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने, जागतिक निविदा काढून खरेदी सुरू झाली आणि खर्च उतरला. १९७७ नंतर खुल्या बाजाराच्या धोरणाने ही वाट अरुंद केली. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. परकीय चलनाअभावी औषधांची आयात अडली, रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि अनेक डॉक्टर देश सोडून गेले. नव्वद वर्षांच्या कमाईला एका वर्षात तडे गेले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. आरोग्य हे संपत्तीचे उपफळ नव्हे आणि सरकारने दिलेले दानही नव्हे. संघटित नागरिकांनी वसूल केलेला तो हक्क आहे. हक्क मागणाऱ्यांतून कोणाला वगळले, किंवा मागण्याचे काम संपले असे मानले, तर ताप परततो. दवाखान्यासाठी मोर्चा काढणाऱ्या आणि मतदारयादीत वंचितांची नावे नोंदवणाऱ्या कार्यकर्त्याने जाणावे, की ही दोन कामे वेगळी नाहीत.